काळा साबण घरी करायचाय: साली जाळाव्यात, पोटॅश आणावं, की घानाचाच विकत घ्यावा?

'आफ्रिकन ब्लॅक सोप' घरी करायचा म्हणून माहिती काढायला बसलं की चार अगदी वेगळ्या कृती समोर येतात, आणि चारही 'पारंपरिक' म्हणूनच सांगितल्या जातात. एकीत साली वाळवून जाळायच्या आणि दिवसभर चुलीपुढे उभं राहायचं. दुसरीत कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा जहाल क्षार, आणायचं, वजनकाटा काढायचा आणि संध्याकाळपर्यंत मोकळं व्हायचं. तिसरीत या दोन्हींचा मेळ. चौथीत पश्चिम आफ्रिकेतून आलेला कच्चा साबण विकत आणायचा आणि घरी फक्त विरघळवायचा. वेळ, खर्च, धोका आणि शेवटी हातात येणारा साबण, या सगळ्यांत या चार वाटा एकमेकींपासून बऱ्याच लांब आहेत. मला राखेचा साबण मनापासून आवडतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवणार नाही. पण तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता की वाडीत, यावर उत्तर बदलतं, आणि ते बदलायलाच हवं.

मूळ साबण कसा असतो

नायजेरियातले योरुबा लोक त्याला 'ओसे दुदू' म्हणतात, घानात तो 'अलाता समिना' या नावाने बाजारात मिळतो. टोगो आणि बेनिनमध्येही होतो. बहुतेक ठिकाणी हे काम बायकांच्या हातात आहे आणि लेकी ते आयांकडून शिकतात. कोकोच्या शेंगांची टरफलं, प्लँटेन म्हणजे भाजीच्या केळ्याच्या साली, पामची फळं काढून घेतल्यावर उरलेले घड, असा शेतातला उरलासुरला माल कडकडीत वाळवतात आणि जाळतात. ती राख पाण्यात भिजवून, बहुतेकदा गाळून, क्षारयुक्त पाणी काढतात आणि ते तेलात घालून तासन्‌तास शिजवतात. तेल पामच्या बियांच्या गराचं, लाल पामतेल किंवा खोबरेल. काही जणी त्यात शिया बटर, म्हणजे शिया या तिथल्या झाडाच्या बियांचं घट्ट तेल, घालतात. साबण वर आला की काढून घेतात, आणि साधारण दोन आठवडे मुरू देतात.

रंगाबद्दल गैरसमज फार आहे. हा साबण कोळशासारखा काळाभोर नसतो. तो तपकिरी असतो, कधी कॉफीच्या पुडीसारखा, कधी आणखी गडद, आणि एकाच ढेकळात दोन-तीन छटा दिसतात. मऊ असतो, बोटांनी तुटतो. राख नीट गाळली नसेल तर खरखरीत लागतो. हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून उघडा ठेवला की वरून चिकट होतो. याचं कारण त्याचा क्षार पोटॅशियमचा आहे. आपल्या नेहमीच्या आंघोळीच्या वडीत सोडियम असतं, म्हणून ती कडक राहते. पोटॅशियमचा साबण मऊच राहतो. कोणी तुम्हाला कडक, चकचकीत, एकसारखी काळी वडी दाखवून हाच तो साबण म्हणत असेल, तर त्यात बहुधा कोळशाची पूड घातलेली आहे.

'पारंपरिक' या शब्दाने लोक अडकतात, म्हणून एक गोष्ट इथेच सांगते. आज या साबणाचं नाव काढलं की पहिला उल्लेख कोकोच्या टरफलांचा होतो. पण कोको मूळचा अमेरिकेचा. घानात त्याच्या लागवडीचं श्रेय तेत्ते क्वार्शी यांना देतात. फर्नांदो पो बेटावरून आणलेलं बी त्यांनी १८७९ च्या सुमारास माम्पाँगला लावलं. आज घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून जगातला साधारण निम्मा कोको पिकवतात, टरफलांचे ढीग शेतात पडून राहतात, म्हणून ती साबणाच्या चुलीपर्यंत पोचली. प्लँटेनसुद्धा आशियातून आफ्रिकेत गेलेलं पीक आहे, फक्त कित्येक शतकं आधी. म्हणजे तिथल्या बायकांनी अमुक एकाच झाडाची राख पवित्र मानली नाही. ज्या टाकाऊ भागाच्या राखेत पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचा क्षार, भरपूर आहे आणि जो दाराशी फुकट पडला आहे, तो त्यांनी घेतला. माझ्या मते या साबणाची परंपरा ती हीच, आणि पुढची सगळी तुलना मी या एका गोष्टीवर तोलते आहे: साबणाचा क्षार राखेतून आला की नाही. ती राख घानातल्या कोकोची आहे की जळगावकडच्या सावद्याच्या केळीची, हा प्रश्न त्यानंतरचा.

वाट पहिली: स्वतः राख करून

सगळ्यात जास्त प्रश्न या वाटेबद्दल असतात, आणि अर्धवट माहितीही इथेच सगळ्यात जास्त, म्हणून इथे जरा थांबू.

आधी मालाचा हिशेब. समजा तुम्हाला अर्धा किलो तेलाचा साबण करायचा आहे. निम्मं खोबरेल आणि उरलेलं पामतेल व शियासारखं एखादं घट्ट तेल धरलं, तर त्याला सुमारे ११० ग्रॅम शुद्ध पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं. राखेत हायड्रॉक्साइड जवळजवळ नसतं, असतं ते पोटॅशियम कार्बोनेट. तेवढंच काम करायला ते साधारण १३५ ग्रॅम लागेल. चांगल्या राखेत निम्मा भाग कार्बोनेट धरला तरी पावणेतीनशे ग्रॅम राख झाली. ती भिजवताना सगळा क्षार पाण्यात उतरत नाही, काही पोटॅशियम क्लोराइडच्या रूपात असतं आणि ते साबणाच्या कामाचं नसतं. म्हणून साडेतीनशे ते चारशे ग्रॅम राख हाताशी हवी. केळीच्या ताज्या सालीत पाणीच ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर असतं आणि वाळलेल्या सालीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी राख पडते. म्हणजे वीस ते पंचवीस किलो ओल्या साली. आठवड्याला डझनभर केळी खाणाऱ्या घरात अर्धा किलो साल निघते. घरच्या सालींवर हा साबण करायचा म्हटलं तर वर्ष जाईल.

म्हणून घरच्या डब्यात साली साठवण्याचा नाद सोडा आणि केळीचे वेफर्स तळणाऱ्याशी ओळख करा. जळगाव जिल्ह्यात, रावेर-सावदा-फैजपूरच्या पट्ट्यात, किंवा शहरातल्या कुठल्याही गरम वेफर्सच्या दुकानात कच्च्या केळीच्या सालींची पोती रोज बाहेर जातात. कच्च्या केळीची साल प्लँटेनच्या सालीला सगळ्यात जवळची आहे. कोकणात राहत असाल तर नारळाची सोडणं हा दुसरा उत्तम माल, त्यांच्या राखेतही पोटॅश भरपूर. खऱ्या कोकोच्या टरफलांचाच आग्रह असेल तर ती देशातच मिळतात: दक्षिण कन्नडमध्ये, पुत्तूरच्या आसपास, सुपारीच्या बागांत कोको लावतात आणि टरफलं बागेतच पडून राहतात. सावंतवाडी किंवा गोव्याकडून गाडी घेऊन जाणाऱ्याला दोन पोती आणणं अवघड नाही. चुलीतली साधी लाकडाची राख मात्र या कामाला कमजोर आहे. तिच्यात चुन्याचा अंश जास्त, तो पाण्यात विरघळत नाही, आणि पोटॅश थोडं.

साली वाळून हाताने मोडल्या पाहिजेत. लोखंडी घमेल्यात किंवा चुलीत जाळा, पण सोबत कागद, प्लॅस्टिक किंवा रंगवलेलं लाकूड अजिबात नको. एकदा जळून काळा कोळसा झाला म्हणजे काम झालं असं नाही. तो पुन्हा निखाऱ्यावर धरून राखाडी-पांढरा होईपर्यंत जाळावा लागतो. काळेपणा म्हणजे न जळलेला कार्बन, तो क्षार देत नाही. गार झालेली राख चाळा, तिच्या तिप्पट-चौपट गरम पाण्यात रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी जाड सुती फडक्यातून गाळा, आणि तीच राख आणखी एकदा भिजवून दुसरं पाणी काढा. दोन्ही पाणी एकत्र करून आटवा. पाणी चहाच्या रंगाचं येतं आणि बोटांना बुळबुळीत लागतं. ही बुळबुळ म्हणजे तुमच्याच कातडीवरच्या तेलाचा साबण होतोय, तेव्हा हे तपासण्यापेक्षा हातमोजे घाला. आसामात केळीच्या सालीच्या राखेचं असंच पाणी काढतात, त्याला कोलाखार म्हणतात. ते स्वयंपाकात वापरतात आणि पूर्वी केस-कपडे धुवायलाही वापरत. म्हणजे ही विद्या आपल्याकडे अगदी अनोळखी नाही.

आता तेल. इथे बहुतेकांचा साबण बिघडतो. कार्बोनेट हा सौम्य क्षार. तेलात मोकळी स्निग्धाम्लं, म्हणजे तेलातून सुटी झालेली आम्लं, असतील तर त्यांच्याशी तो लगेच जुळतो, पण अखंड तेल फोडून साबण करायला त्याला उकळत ठेवून तासन्‌तास लागतात. आफ्रिकेतलं लाल पामतेल शुद्ध केलेलं नसतं, त्यात मोकळी स्निग्धाम्लं बऱ्यापैकी असतात, आणि साबण तिथून सुरू होतो. एकदा थोडा साबण तयार झाला की तो उरलेलं तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवतो आणि क्रिया पुढे सरकते. किराणा दुकानातलं पिवळं पामोलिन घेतलंत तर ते रिफाइंड असतं, मोकळी आम्लं काढून टाकलेली असतात, आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत ढवळत राहिलात तरी वर तेलाचा तवंग तसाच. म्हणून घाण्याचं, न शुद्ध केलेलं तेल घ्या. घाण्याचं खोबरेल जुनं होऊन किंचित खवट झालं असेल तर ते इथे उलट उपयोगी पडतं. शिया बटरऐवजी मोहाच्या बियांचं तेल किंवा कोकमतेल घेता येतं. मोह आणि शिया ही एकाच कुळातली झाडं आहेत, आणि मोहाच्या तेलाचा साबण आपल्याकडे होतोच.

भांडं स्टीलचं किंवा लोखंडाचं हवं. ॲल्युमिनियम नको, क्षार ते खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. भांडं निम्मं रिकामं ठेवा, कारण कार्बोनेट आम्लाशी जुळताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि फेस पाहता पाहता काठावर येतो. तेल गरम करून त्यात राखेचं पाणी पळीपळीने घालत जायचं, ढवळायचं, आटलं की पुन्हा घालायचं. आधी दुधाळ तपकिरी होतं, मग घट्ट, मग गडद. चार-सहा तास धरूनच चला, जास्तही लागतील. थेंबभर साबण गरम पाण्यात टाकून बघा: वर तेलाचे डोळे दिसले तर अजून क्षार किंवा वेळ कमी आहे.

या वाटेचा मोठा दोष म्हणजे राखेच्या पाण्याची ताकद मोजता येत नाही. अंडं तरंगलं की पाणी तयार, हा जुना अंदाज फक्त पाण्याची घनता सांगतो. त्यात कार्बोनेट किती आणि क्लोराइड किती हे सांगत नाही. म्हणून प्रत्येक घाणा वेगळा निघतो. पण त्यातच एक आधारही आहे. कार्बोनेट थोडं जास्त झालं तरी ते कॉस्टिकइतकं जाळत नाही. जगभरच्या खेड्यांत हजारो जणींनी तराजूशिवाय, मोजमापाशिवाय हा साबण केला, तो याच मवाळपणाच्या जोरावर.

आणखी एक युक्ती ऐकायला मिळते: राखेच्या पाण्यात चुना घालायचा. ती खरी आहे. विरलेला चुना आणि पोटॅशियम कार्बोनेट एकत्र आले की चुनखडी तळाशी बसते आणि वर पोटॅशियम हायड्रॉक्साइड उरतं. हिशेबाने १३८ ग्रॅम कार्बोनेटला ७४ ग्रॅम चुना पुरतो. साबण तासाभरात धरतो. पण मग ते पाणी खरंखुरं कॉस्टिक झालेलं असतं, त्याची ताकद तुम्हाला माहीत नसते, आणि मवाळपणाचा आधारही गेलेला असतो. पहिल्यांदा करणाऱ्याने हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि धूर. वीस किलो सालींचा धूर थोडा नसतो. शहरात उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्यासाठी पाच हजारांचा, मोठ्या प्रमाणात जाळल्यास पंचवीस हजारांचा दंड ठरवला. सोसायटीच्या गच्चीवर हा उद्योग करू नका. गावाकडे चूल पेटतेच आहे, त्यात रोज थोडी थोडी साल जाळली तर धुराचा वेगळा त्रास होत नाही आणि महिनाभरात राख जमते. ज्यांना ही सोय आहे त्यांना मी याच वाटेने जायला सांगेन.

वाट दुसरी: फक्त कॉस्टिक पोटॅश

इथे राख नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणायचं, हिशेबाने पाण्यात विरघळवायचं, तेलात घालून मंद आचेवर शिजवायचं. २५० ग्रॅम खोबरेल, १५० ग्रॅम पामतेल आणि १०० ग्रॅम शिया किंवा मोहाचं तेल घेतलं, तर पाच टक्के तेल मोकळं, म्हणजे साबण न होता उरेल असं, ठेवून शुद्ध पोटॅश साधारण १०६ ग्रॅम लागतं. बाजारातलं बहुधा नव्वद टक्के शुद्धतेचं असतं, म्हणजे ११८ ग्रॅम घ्यावं लागेल. पाणी त्याच्या तिप्पट. रिफाइंड तेलही चालतं, कारण हा क्षार कुठलंही तेल फोडतो. पोटॅशच पाण्यात टाकायचं, पोटॅशवर पाणी कधीही ओतायचं नाही. विरघळताना ते तडतडतं आणि पाणी झपाट्याने तापतं. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, आणि लहान मूल त्या खोलीत नको. कॉस्टिक सोडा हा वेगळा पदार्थ आहे. तो घातला तर कडक वडी होईल, आणि आकडेही बदलतील.

या वाटेने साबण नक्की होतो, पहिल्याच खेपेला होतो, आणि दर वेळी सारखा होतो. त्वचेला चांगलाही असतो. पण रंग मेणासारखा फिकट येतो, मग लोक त्यात कोळशाची पूड, कोको पावडर किंवा कॉफी घालून काळा करतात. हा उत्तम मऊ साबण आहे. त्याला काळा साबण म्हणून भेट देऊ नका किंवा विकू नका. ज्या बायकांच्या नावावर तो खपेल, त्यांच्या कामातला एकही टप्पा त्यात नाही. साबण करणं शिकायचं असेल, राखेपर्यंत नंतर जायचं असेल, तर सुरुवात म्हणून मात्र ही वाट चांगली.

वाट तिसरी: राख आणि पोटॅश दोन्ही

घरी करणाऱ्यांत मला ही सगळ्यात समजूतदार वाटते. यात राख तीस-चाळीस ग्रॅम पुरते, म्हणजे दोन-अडीच किलो ओल्या साली. एवढ्या साली घरी महिना-दीड महिन्यात जमतात, गच्चीत चार-पाच कडक उन्हांत वाळतात, आणि गावाला गेल्यावर चुलीत किंवा अंगणातल्या शेगडीत जाळता येतात. राख गरम पाण्यात भिजवून गाळायची, आणि त्याच पाण्यात, ते पूर्ण गार झाल्यावर, पोटॅश विरघळवायचं. साबणाला आपोआप तपकिरी रंग येतो, राखेचा तो मातकट वासही थोडा उतरतो.

हिशेबात एक दुरुस्ती करावी लागते आणि ती बहुतेक कृतींत दिलेली नसते. राखेतही क्षार आहे. तीस ग्रॅम राखेत पंधरा ग्रॅम कार्बोनेट धरलं तर ते सुमारे बारा ग्रॅम पोटॅशचं काम करतं. म्हणजे वरच्या ११८ ग्रॅममधून तेरा ग्रॅम कमी करून १०५ घ्यायचे. हे न करता वर राख घातली तर मोकळं ठेवलेलं सगळं तेल खाऊन साबण जहाल होतो. त्वचा ओढल्यासारखी वाटते आणि लोक म्हणतात, ब्लॅक सोप मला मानवत नाही. शिजून झाल्यावर साबणाचा चिमूटभर गोळा डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून पीएच पट्टीने बघा. नऊ ते दहा असेल तर ठीक. अकराच्या पुढे असेल तर चमचाभर तेल घालून पुन्हा तासभर शिजवा.

खरी राख, खरा रंग, भरवशाचा क्षार. मूळ साबणापासून दूर आहे हे खरं, कारण मुख्य काम बाटलीतलं पोटॅश करतं. पण कोणी विचारलं तर 'केळीच्या राखेचा साबण, पोटॅश घालून केलेला' असं सरळ सांगता येतं, आणि तेवढं सांगणं पुरे आहे.

वाट चौथी: कच्चा साबण आणून

घाना किंवा नायजेरियाचा कच्चा काळा साबण ऑनलाइन मिळतो. आपल्याकडे 'दुदू-ओसुन' ही नायजेरियन वडी जास्त दिसते. त्यात कोकोची आणि पामच्या घडाची राख, पामच्या गराचं तेल, शिया बटर, मध आणि ओसुन नावाच्या लाल लाकडाची पूड असते, सुगंधही घातलेला असतो. तो मूळ साबणावर बेतलेला, कारखान्यात वडी पाडलेला प्रकार आहे. कच्चं ढेकूळ याहून वेगळं दिसतं, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला ते खराब झालेलं वाटू शकतं: कडा वेड्यावाकड्या, मध्येच फिकट, कुठे चिकट. त्यात वाईट काही नाही.

घेताना घटकांची यादी वाचा. पोटॅशियमचे क्षार, राख, पामच्या गराचं तेल असे उल्लेख हवेत. 'सोडियम पामेट' (पामतेलाचा सोडियमचा साबण) आणि 'चारकोल' एवढंच असेल तर तो कोळसा घातलेला नेहमीचा साबण. ढेकळाचे बारीक तुकडे करून तेवढ्याच गरम पाण्यात रात्रभर ठेवले की दाट द्रव होतो. त्यात मध किंवा शिया मिसळता येतं. पण पाणी घातल्यावर तो फार टिकत नाही, आठवड्याभराचाच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

पैशाच्या बाजूने बघितलं तर ग्रॅममागे हा सगळ्यात महाग पडतो, कारण वाहतूक आणि कर. पण वीस किलो साली, लाकूड, घाण्याचं तेल आणि अख्खा दिवस धरला तर पहिली वाटही स्वस्त नाही. आणि खऱ्या राखेचा, खऱ्या हातांनी केलेला साबण त्वचेला कसा वाटतो हे कळायला याहून सोपा मार्ग नाही. मी तर म्हणेन, कुठल्याही वाटेने जाणार असाल तरी आधी शंभर ग्रॅमचं कच्चं ढेकूळ आणून महिनाभर वापरा. आपल्याला नेमकं काय करायचं आहे ते हाताला कळलेलं असलं की चुलीपुढचे निर्णय सोपे होतात.

मग कुणी काय करावं

फ्लॅट, लहान मुलं, वेळ कमी: चौथी वाट, दुसरा विचार नको. त्वचेचा त्रास आहे म्हणून हा साबण करायला निघाला असाल तरीही चौथी, आणि तीही जपून. काळा साबण कुठल्याही साबणासारखाच अल्कधर्मी आहे, तो कुठलाही त्वचारोग बरा करतो असं मानू नका. कोरड्या त्वचेला तो आणखी कोरडं करतो. सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर शिया घातलेला टाळा. कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, आणि ढेकूळ थेट चेहऱ्यावर घासू नका. तळहातावर फेस करून मग लावा, राखेचे कण ओरखडे काढतात.

साबण करण्याची आवड आहे, वजनकाटा आहे, कॉस्टिक हाताळायची भीती वाटत नाही: तिसरी. आधी एकदा दुसऱ्या वाटेने, राखेशिवाय, हात बसवून घेतलात तर आणखी बरं.

अंगण आहे, चूल आहे, वेफर्सवाला किंवा नारळाची बाग जवळ आहे, आणि सोबत कोणीतरी ढवळायला आहे: पहिली. एकट्याने ती करू नका, चार-सहा तास एका हाताने होत नाही. घाणा लहान घ्या, पाव किलो तेलाचाच, म्हणजे राखही निम्मी लागेल आणि बिघडला तरी जिवाला लागणार नाही. बिघडलेला म्हणजे तेल वर राहिलेला साबण फेकायचाही नसतो. आणखी राखेचं पाणी काढून पुन्हा चुलीवर चढवता येतो, आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्या दिवशी धरतो.

करायचा काळ फेब्रुवारी ते मे. साली वाळायला कडक ऊन हवं, आणि साबण मुरायला कोरडी हवा. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत तो काचेच्या किंवा चिनी मातीच्या घट्ट झाकणाच्या बरणीत गेला पाहिजे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडा राहिलेला काळा साबण आठवडाभरात पाणी ओढून पातळ व्हायला लागतो. बाथरूममध्ये एका वेळी सुपारीएवढाच तुकडा न्या, बाकीची बरणी बाहेर कोरड्या कपाटात ठेवा.